दीड फेरा

माझ्या हाताला गाडीचं दुखणं कळतं, असं आचोळ्यातले लोक म्हणतात. लोकांचं कशाला, मीच म्हणतो. पंचवीस वर्षं झाली गॅरेज टाकून. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. टॅपेट सैल आहे, चेन लांबली आहे, की पिस्टन मार खातोय, सगळं ऐकू येतं. हल्लीची पोरं लॅपटॉप जोडून बसतात आणि अर्ध्या तासाने मला तेच सांगतात जे मी त्यांना आधीच सांगितलेलं असतं. हे फुशारकी म्हणून लिहीत नाही. माझ्या मुलीच्या इंजिनाचं जे झालं, ते या फुशारकीपायीच झालं, म्हणून लिहितोय.

मुलगी एकच. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मेकॅनिकल घे असं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. उलट हातापाया पडून नको म्हटलं होतं. माझ्या नखांतलं काळं पंचवीस वर्षांत निघालेलं नाही. लग्नाकार्यात मी हात खिशात घालून उभा राहतो. चांगला शिकलेला माणूससुद्धा गाडीतून न उतरता काच खाली करून "ए, जरा बघ रे" म्हणतो, तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. हे तिच्या वाट्याला यायला नको होतं. तिने एसीत बसावं, गळ्यात कार्ड अडकवावं, एवढंच माझं स्वप्न. आणि ते जवळही आलं होतं, कारण कॉलेजात आलेल्या एका कॉम्प्युटर कंपनीने तिला नोकरीचं पत्र दिलं होतं. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

ती कळवतच नव्हती. तिचं सगळं लक्ष प्रोजेक्टवर.

"पप्पा, पेट्रोलचं इंजिन आहे, पण चालताना ठिणगी नाही," तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी जेवत होतो.

"ठिणगी नाही? मग पेटणार कशावर, माझ्या डोक्यावर?"

"काकांच्या बोटीला प्लग आहे का?"

माझा थोरला भाऊ अर्नाळ्याला असतो. आमची मूळची बोट तोच चालवतो. तिचं इंजिन डिझेलचं, त्याला प्लग नसतो हे मला सहावीत असल्यापासून माहीत. मी म्हटलं, "ते डिझेल आहे बाई. हवा जोरात दाबली की तापते, सायकलला हवा भरताना पंप खालून गरम होतो ना, तशी. त्या तापल्या हवेत डिझेल मारलं की आपोआप पेट घेतं."

"मग पेट्रोल का नाही घेणार?"

"घेतं की! भलत्या वेळी घेतं. त्याला नॉकिंग म्हणतात. त्याने पिस्टन फुटतात आणि तुझी फी भरली जाते. गप जेव."

ती गप जेवली नाही. भाताचं ताट बाजूला सरकवून तिने मला समजावलं. नेहमीच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी एका कोपऱ्यात पडते आणि आग तिथून पसरत जाते, गवताला एका टोकाला काडी लावावी तशी. तिच्या इंजिनात पेट्रोल अगदी कमी आणि हवा खूप. इतकी कमी की ठिणगीने ते नीट पेटणारच नाही. पण हवा आधीच जराशी तापवून घेतली आणि जास्त दाबली, की दाबाच्या टोकाला सगळं मिश्रण एकदम, सगळीकडून जळतं. पेट्रोल कमी असल्यामुळे आग फार भडकत नाही, धूर-विषारी वायू कमी, आणि हवेची झडप अर्धी मिटून इंजिनाचा श्वास कोंडायची गरज पडत नाही. थोड्या पेट्रोलात तेवढंच काम. डिझेलचं ॲव्हरेज, पेट्रोलचा स्वच्छपणा.

"आणि नॉकिंग?"

"आवाज थोडा येतो, पण ते नॉकिंग नाही. पेट्रोल कमी आहे तोवर ते सांभाळून जळतं. सगळी कला त्याच्यात आहे."

मला पटलं नाही. पण वाद घालून हरायची माझी तयारी नव्हती. मी सरळ सौदा केला. पुण्याच्या एका इंजिन बनवणाऱ्या कारखान्यातले साहेब परीक्षक म्हणून कॉलेजात येणार होते. इंजिन त्यांच्यासमोर ठिणगीशिवाय दहा मिनिटं चाललं, तर ते हिला शिकाऊ इंजिनिअर म्हणून घ्यायचा विचार करणार होते. मी म्हटलं, "चाललं तर तू आणि तुझे साहेब बघा. नाही चाललं, तर गुपचूप कॉम्प्युटर कंपनीला हो कळवायचं." तिने माझ्या हातावर टाळी दिली. तिची आई वाटीत आमटी वाढता वाढता म्हणाली, "दोघंही एका माळेचे मणी."

कॉलेजची लॅब पाच वाजता बंद व्हायची, म्हणून तिने इंजिन माझ्या गॅरेजात मागच्या भिंतीपाशी आणून ठेवलं. भंगारातल्या जनरेटरचं, एका सिलिंडरचं. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, घासून दाब वाढवलेला, हवेच्या नळीवर हीटरची कॉइल गुंडाळलेली, आणि कार्बोरेटरवर पेट्रोल कमी-जास्त करायचा तिने बसवलेला एक पितळी स्क्रू. आधी ते साध्यासारखं ठिणगीवर चालू करायचं, गरम होऊ द्यायचं, हवा तापवायची, आणि मग प्लगची कॅप ओढून काढायची. कॅप काढूनही ते चालत राहायचं, कधी दोन मिनिटं, कधी चार. चालताना टणटण असा आवाज काढायचं. महिनाभर तो आवाज ऐकून माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. गिऱ्हाईकं विचारायची, "मागे काय फोडताय?" मी म्हणायचो, "माझं नशीब."

परीक्षक यायला तेरा दिवस राहिले होते. रविवार होता. मायलेकी एका साखरपुड्याला गेल्या होत्या आणि मी गॅरेजात एकटाच. शटर अर्धं पाडून बसलो, आणि माझं लक्ष सारखं त्या इंजिनाकडे जायला लागलं. म्हटलं, बघू तरी. प्लग खोलला.

प्लग ही इंजिनाची जीभ असते. डॉक्टर जीभ बघतो तसा मेकॅनिक प्लग बघतो. बिस्किटाच्या रंगाचा असला तर तब्येत चांगली. काळा असला तर पेट्रोल जास्त. पांढरा असला तर पेट्रोल कमी, इंजिन कोरडं जळतंय, लवकरच पिस्टन वितळणार. हा प्लग चुन्यासारखा पांढरा होता.

अरे देवा, म्हटलं, हिचं इंजिन परीक्षेपर्यंत टिकत नाही. सांगून ती ऐकणार नाही. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पितळी स्क्रू दीड फेरा सोडला. ठिणगीवर चालू करून बघितलं. काय गोड आवाज! टणटण नाही, खडखड नाही, घड्याळासारखं चालत होतं. मी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला आणि डोळे मिटून पाच मिनिटं नुसता ऐकत बसलो. बाप म्हणून मुलीसाठी काहीतरी केल्याचं समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू.

मायलेकी थकून घरी आल्या, म्हणून म्हटलं उद्या सांगू. इंजिन चालवून दाखवू आणि तिचं तोंड बघू.

सोमवारी सकाळी मी एका गाडीखाली आडवा होतो. तिने येऊन इंजिन चालू केलेलं ऐकू आलं. "पप्पा, आज किती छान चालतंय!" ती ओरडली. मी गाडीखाली पडल्या पडल्या हसलो. हातातला नट बसवून बाहेर येतो आणि सांगतो, असं ठरवलं. नट बसेना. तेवढ्या वेळात तिने हवा तापवली होती आणि कॅप ओढली होती.

लोखंडी पत्र्यावर घण घालावा तसा आवाज आला. एक, दोन, दहा, मोजता येईना. मी सरपटत बाहेर आलो तोवर एक कर्कश किंकाळी मारून इंजिन थांबलं. निळा धूर. ती हीटरचं बटण बंद करायला भिंतीकडे धावली, पाठ माझ्याकडे होती.

आणि मी तो स्क्रू दीड फेरा परत आवळून ठेवला.

विचार करून केलं नाही. हात आपोआप गेला, कढत भांड्यावरून हात मागे येतो तसा. पण हात माझाच होता. ती वळली तेव्हा मी इंजिनापासून दोन पावलं लांब उभा राहून "काय गं झालं?" असं विचारत होतो.

हेड खोललं. पिस्टनची वरची कड तुटून आली होती, सिलिंडरला उभे ओरखडे पडले होते. तिने एकेक गोष्ट तपासली. हीटर बरोबर, तापमान बरोबर, स्क्रू जागेवर. ती तुटका पिस्टन हातात घेऊन बसून राहिली. रडली नाही. रडली असती तर कदाचित मी तिथल्या तिथे बोललो असतो.

पुढचे तीन दिवस ती मनवेलपाड्याच्या आमच्या घरात खिडकीशी वही घेऊन बसली. तेच आकडे पुन्हा पुन्हा. चहा गार व्हायचा. बुधवारी ती आईला म्हणाली, "सगळं जागेवर होतं आणि तरी फुटलं. म्हणजे मला जे समजलंय असं वाटत होतं, तेच चुकीचं आहे. मी उद्या-परवा त्या कंपनीला हो लिहून टाकते."

मला हवं होतं तेच झालं होतं. एसी, कार्ड, स्वच्छ नखं. मी काही करायचंच नव्हतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. आणि बायको मला म्हणाली, "अहो, तुम्ही तरी तिला समजवा. तुम्हाला त्यातलं कळतं." खाई त्याला खवखवे. मी ताटावरून उठलो आणि हात धुवायला गेलो, तो बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिलो.

गुरुवारी सकाळी अर्नाळ्याला गेलो. भावाच्या बोटीचं इंजिन धूर ओकत होतं, डिझेल फवारणारा नोझल साफ करायचा होता. मी काम करत होतो आणि तो बाजूला जाळं सांधत बसला होता.

"काय रे, पोरीचा इंजन काय बोलतो?" त्याने विचारलं.

"फुटलं."

"कोनी हात लावला?"

मी मान वर केली. "कोणी म्हणजे? ते आपलं आपण फुटलं."

"म्हनजे तूच लावलास." तो जाळ्यावरून नजर न काढता म्हणाला. "बापाच्या इंजनात पन तूच बोटा घालायचास आनि मार मला पडायचा. पोरीला सांगितलास?"

मी नोझल पुसत राहिलो. आधीच पुसून झालेला होता.

"बोटीत पानी शिरला तर आपन काय करतो? आधी ओरडतो. लाज नंतर. तू लाजत बसलास तर सगली बुडतील." मग त्याने नोझल माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "जा. माझा इंजन मी बांधीन."

मला त्याचा राग आला. लहानपणापासून येतो. बाईक काढली आणि घरापर्यंत त्याला मनातल्या मनात शिव्या घालत आलो, कारण दुसऱ्या कोणाला घालायला तोंड नव्हतं.

दुपारची वेळ होती. ती खिडकीशीच होती, मोबाइल हातात. मी चप्पल काढायच्या आधी बोललो. घरात पाऊल टाकलं असतं तर धीर सुटला असता.

"स्क्रू मी फिरवला होता. रविवारी. प्लग पांढरा दिसला म्हणून पेट्रोल वाढवलं. आणि फुटल्यावर तू पाठ वळवलीस तेव्हा परत जागेवर आणला."

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी दारातच. शेजारच्यांच्या प्रेशर कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर कोणी हललं नाही.

"किती?" तिने विचारलं.

"काय किती?"

"किती फिरवला?"

"दीड फेरा सोडला."

तिने वही ओढली. पेन चालायला लागलं. मी तिच्या कपाळाकडे बघत होतो. अर्ध्या पानावर ती थांबली, आणि माझ्या मुलीच्या तोंडावर जे हसू आलं ते मला अजून दिसतं. "फुटायलाच पाहिजे होता," ती म्हणाली. "एवढं पेट्रोल, एवढा दाब, एवढी तापलेली हवा, सगळं एका झटक्यात पेटणार. आई, माझं गणित बरोबर होतं!"

मीही हसलो. तिथे चुकलो.

"तुम्ही हसू नका," ती उठून उभी राहिली. "तीन दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते. तीन दिवस तुम्ही समोर बसून जेवत होतात. पिस्टन फुटला त्याचं काही नाही पप्पा, पिस्टन मिळतात. तुम्ही मला चुकीचं समजू दिलंत. मी ते हो लिहून टाकलं असतं तर तुम्ही कधी बोलला असतात?"

याचं खरं उत्तर मला माहीत होतं आणि तिलाही. मला रडू आलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, दारात, पायात चपला घालून रडतोय. बायको म्हणाली, "आता आत या, लोक बघतायत."

त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं शटर उघडतो तर मागोमाग हजर. म्हणाली, "आठ दिवस आहेत. आधी ऐकायचं, मग हात लावायचा. मान्य?"

"मान्य."

सिलिंडरचे ओरखडे काढायला त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, वाढवावा लागला. वसई पूर्वेला गाळ्यांमध्ये एक म्हातारा टर्नर आहे, त्याच्याकडे मी स्वतः बसून मोठ्या मापाचा पिस्टन तासून घेतला. ती माप सांगायची, मी करायचो. आणि मधल्या वेळात ती मला शिकवायची. कसं आहे, मुलीकडून शिकायला सुरुवातीला जीभ जड होते. दोन दिवसांनी मीच प्रश्न विचारायला लागलो.

परदेशात अशा गाड्या रस्त्यावर आल्याही आहेत, हे तिने मला मोबाइलवर दाखवलं. त्यांनी ठिणगी पूर्ण काढलेली नाही, हुशारी केली आहे. प्लग छोटीशी ठिणगी टाकतो, तिच्याभोवती आगीचा एक छोटा गोळा फुगतो, तो फुगला की उरलेल्या मिश्रणावर दाब वाढतो आणि ते दाबाने पेटतं. म्हणजे ठिणगी आग लावत नाही, फक्त धक्का देते. नेमका कधी द्यायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. थंड इंजिन असलं किंवा चालवणाऱ्याने ॲक्सिलेटर जोरात दाबला, की गाडी आपली गुपचूप जुन्या पद्धतीवर येते. चालवणाऱ्याला कळतही नाही.

"म्हणजे चांदीपच्या मोकळ्या रस्त्याला लागलो की नवीन पद्धत, आणि स्टेशनच्या पुलाखाली अडकलो की जुनी," मी म्हटलं.

"अगदी तसंच नाही, पण जवळपास," ती म्हणाली, आणि मला शाळेत कधी मिळाली नाही तेवढी शाबासकी वाटली.

मग मला माझी गिऱ्हाईकं दिसायला लागली. चांदीपहून पहाटे भाजी आणणारा टेम्पोवाला, जो सीएनजीच्या रांगेत झोप काढतो. पाचूबंदरची मासेवाली, जिची व्हॅन थंडीत चालू होत नाही. टूरिस्ट गाडी चालवणारा, जो दर खेपेला विचारतो, ॲव्हरेज का पडलं हो शेठ? यांच्या गाड्यांत असं इंजिन आलं, तर त्याच पेट्रोलात त्यांची एखादी खेप जास्त होईल, पंपावर उभं राहणं कमी होईल, आणि डिझेलचा काळा धूर कोणाच्या पोराच्या नाकात जाणार नाही. उद्या येईल असं नाही. महाग आहे, नाजूक आहे, आपल्याकडच्या पेट्रोलवर, आपल्या उन्हात काय करेल ते कोणीतरी बसून बघायला पाहिजे. पण ते कोणीतरी माझ्या गॅरेजात, माझ्याच स्टुलावर बसलेलं होतं, आणि त्याला मी एसीत पाठवायला निघालो होतो. त्या विचाराने माझी मलाच चीड आली.

बुधवारी इंजिन उभं राहिलं. गुरुवारी तीन मिनिटं चाललं, शुक्रवारी सात. दहा मिनिटं एकदाही झाली नाहीत.

शनिवारी सकाळी टेम्पोत घालून विरारला कॉलेजात नेलं. परीक्षक साहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी कोपऱ्यात उभा राहिलो, हात खिशात. तिने ठिणगीवर चालू केलं, गरम केलं, हवा तापवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, कॅप काढा."

माझा हात पुढे जाईना. आयुष्यभर मी प्लगची कॅप ओढली ती कुठला सिलिंडर मेलाय हे बघायला. कॅप ओढली की इंजिन लंगडतं, एका सिलिंडरचं असेल तर मरतंच. सगळे माझ्या हाताकडे बघत होते, काळ्या नखांकडे. मी ओढली.

टणटण सुरू झालं. तेच, महिनाभर डोकं खाणारं. दोन मिनिटं. पाच. सातव्या मिनिटाला आवाज जरा बसला. मला वाटलं, गेलं. माझी बोटं आपोआप वळवळली आणि मी ती खिशात कोंबली. तिने पेट्रोलला हातच लावला नाही, हीटर किंचित वाढवला. आवाज परत भरला. आठ. नऊ. दहा झाली तरी साहेबांनी थांबवायला सांगितलं नाही. बाराव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला.

मग त्यांनी तिची वही उघडली. "पिस्टन बदललेला दिसतोय. का?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिश्रण घट्ट झालं होतं, सर."

"का झालं?"

ती हीटरची वायर गुंडाळायला लागली. मला वाचवत होती पोरगी, बारा मिनिटं जिंकल्यावरसुद्धा.

"मी केलं साहेब," मी कोपऱ्यातून बोललो. "मी गॅरेजवाला. प्लग पांढरा बघून पेट्रोल वाढवलं. दीड फेरा. तिचं काही चुकलं नव्हतं. फुटल्यावर लपवलंही मीच. सांगितलं तेव्हा तिने एका पानात हिशेब मांडून दाखवला, का फुटला त्याचा."

साहेबांनी ते पान शोधलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. मग तिला म्हणाले, "चालवून सगळे दाखवतात. फुटलेला पिस्टन इतका नीट मांडून कोणी दाखवत नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला या." आणि मला म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर मीही तो प्लग बघून पेट्रोल वाढवलं असतं." हे ते खरं बोलले की माझी समजूत काढली, मला माहीत नाही.

बाहेर आल्यावर तिने आईला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगून झाल्यावर पलीकडून आवाज आला, "अगं, पण पुणं! एकटी, कारखान्यात, इंजिनांमध्ये? त्या कॉम्प्युटरवाल्यांना नाही कळवणार तू? तुझ्या पप्पांना चालणार आहे का हे? विचार त्यांना."

तिने विचारलं नाही. नुसता फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"अगं," मी बायकोला म्हटलं, "सोडायला मीच जाणार आहे तिला."